देवक बसेपर्यंत

आमच्या चुलतभावानं, ज्ञानेश्वरनं, भावकी एक करायचा विडा उचलला तो पुण्यात एसीत बसून. हिंजवडीत नोकरी लागल्याबरोबर त्यानं ऑर्कुटवर ‘आमची भावकी, पिंपरी पेंढार’ नावाची कम्युनिटी काढली. वरची आळी आमची, खालची ज्ञानेश्वरच्या घरच्यांची. मध्ये मारुतीचं देऊळ आणि माझ्या जन्माआधीपासूनचा अबोला. विहिरीच्या पाळीवरून सुरू झालेलं भांडण, आता विहीरही आटली होती. पण ऑर्कुटवर बघावं तर नुसता गोडवा. खालच्या आळीची पोरं माझ्या फोटोखाली ‘नाइस ताई’ लिहायची, आणि तीच पोरं देवळापाशी समोरून आली की थुंकून वाट बदलायची. तुला तेव्हाच कळायला हवं होतं, असं आता सगळे मला म्हणतात. कळत होतं की! मी काय वेडी नव्हते. मला ती भावकी नकोच होती, मला फक्त हर्षाली हवी होती.

हर्षाली बडोद्याची, भिमाजी आजोबांची नात. भिमाजी म्हणजे माझ्या आजोबांचे चुलतभाऊ. तरुणपणी गिरणीत कामाला म्हणून गेले आणि तिकडचेच झाले. गावात त्यांचं नावही कुणी काढत नव्हतं. हर्षालीनं एक दिवस आडनाव टाकून शोधलं, तिला कम्युनिटी सापडली आणि मला पहिला स्क्रॅप आला: ‘तू माझी दीदी लागते का?’ मला सख्खी बहीण नाही. कॉलेजच्या निमित्तानं मी आळेफाट्याला जायचे, सायबर कॅफेत बसायचे आणि तिच्याशी बोलायचे. ती विचारायची, भाकरी थापताना हात भाजत नाही का? मी विचारायचे, रात्रभर गरबा खेळतेस तर घरचे ओरडत नाहीत का? माझं लग्न ठरलं तेव्हा तिनं लिहिलं की आजोबांना घेऊन येते, त्यांना मरायच्या आधी गाव बघायचंय.

लग्न ठरलं ते घोडेगावच्या घरात, २००७ च्या मे महिन्यातली तारीख धरून. आणि इथंच खालच्या आळीच्या पोटात दुखायला लागलं. घोडेगावची मंडळी आधी सावळेरामकाकांच्या मुलीला बघायला आली होती. सावळेराम म्हणजे ज्ञानेश्वरचे वडील, माझ्या वडिलांचे चुलतभाऊ. पाहुण्यांनी त्यांच्याकडे पोहे खाल्ले, नकार कळवला आणि नंतर मला पसंत केलं. त्यात माझा काय दोष? पण काका पारावर बसून सांगत सुटले, ‘बघू की, कसं लागतंय ते लगीन.’ आमच्या घरात धास्ती एवढीच होती की त्यांच्या हाताला काही निमित्त लागेल. पुढं लगेच अधिक महिना, मग पाऊस, मग चातुर्मास. तारीख चुकली की थेट तुळशीच्या लग्नानंतर, आणि तेवढ्या दिवसांत काकांनी घोडेगावात जाऊन ही सोयरीक नक्की मोडली असती.

लग्न रविवारी होतं. घरातला मुहूर्त झाला होता, जात्याला सुपारी बांधली होती, म्हणजे नवरीनं आता वेस ओलांडायची नाही. म्हणून मी माझा पासवर्ड माझ्या भावाला, गोरखला दिला. हर्षाली कोणत्या गाडीनं येतेय ते बघून ये, एवढंच काम. शुक्रवारी सकाळी तो आळेफाट्याला गेला, आणि परत आला तो सरळ वडिलांना घेऊन गोठ्यात शिरला. बाहेर आल्यावर मी विचारलं, ‘काय लिहिलंय हर्षालीनं?’

‘लाइट नव्हती,’ तो म्हणाला आणि माझ्याकडं न बघता पुढं गेला.

त्यानंतर घरात एकच गडबड उडाली. देवक शनिवारी संध्याकाळी बसायचं होतं, ते आत्ताच्या आत्ता बसवायचं ठरलं. ‘गुरुजी म्हनले, आजची येळ लई चांगली हाय,’ वडील म्हणाले. माझे वडील सोपानराव खोटं बोलताना मिशीवरून हात फिरवतात. तेव्हाही फिरवला. त्यांनी फोनची वायरही काढून ठेवली होती. उंदरानं कुरतडली म्हणे. आई नुसती भांडी आपटत होती.

आमच्याकडं लग्नघरात देवक बसलं की कार्य सुरू झालं असं धरतात. मग भावकीत कुणी गेलं तरी त्या घराला सुतक लागत नाही आणि लग्न थांबत नाही. पण देवक बसायच्या आधी मयताची बातमी कानावर आली, तर संपलं. दहा दिवस सगळं शुभकार्य बंद. हे मला लहानपणापासून ठाऊक होतं, पण त्या सकाळी माझ्या डोक्यात आलं नाही. नवरीच्या डोक्यात त्या दिवसांत काय असतं ते सांगायला नको.

आईवडील मारुतीच्या देवळातून झाडांचे डहाळे घेऊन वाजतगाजत आले. चौघांनी त्यांच्या डोक्यावर धोतर धरलं होतं, पुढं सनई आणि ताशा. दोघं मांडवात पाटावर बसले, गुरुजींनी मंत्र सुरू केले, आणि तेवढ्यात खालून सावळेरामकाका येताना दिसले. एका हातात धोतराचा सोगा, दुसऱ्या हातात मोबाइल. ज्या माणसानं मला आठवतंय तेव्हापासून आमच्या अंगणात पाय ठेवला नव्हता, तो तरातरा मांडवात शिरला.

आईनं मान वर करून त्यांना बघितलं आणि पाटावरूनच ताशेवाल्यावर ओरडली, ‘वाजवा! देवक बसंस्तवर थांबायचं न्हाई!’

ताशा असा कडाडला की शेजारच्या बाईचं बोलणं ऐकू येईना. काकांचं तोंड उघडत होतं, मिटत होतं, गळ्याच्या शिरा तटतटून फुगल्या होत्या. ते वडिलांच्या कानाशी वाकायला गेले, तर गोरखनं मध्ये खांदा घातला. ताशेवाल्याच्या काठ्या धरायला गेले, तर माझ्या मामांनी त्यांना मागून कवळ घातली. मला वाटलं, लग्न ठरल्याच्या रागानं शिव्या देतायत. मी मैत्रिणीकडं बघून हसले. गुरुजी डोळे मिटून भराभरा मंत्र म्हणत होते. त्यांनी देवकावर अक्षता टाकल्या, नारळ ठेवला आणि हात वर केला. वाजंत्री थांबली.

‘भिमाजीकाका गेलं बडोद्याला! आज पहाटं! सुतक हाय तुमाला!’ काकांचा आवाज ओरडून ओरडून पार बसला होता.

वडील पाटावरून हलले नाहीत. ‘देवक बसलं, सावळेराम. आता लागत न्हाई.’

‘म्हंजी तुला ठावं व्हतं!’

‘आन तुला कवापास्नं भिमाजीकाकाचा एवढा कळवळा आला रं? त्यांची बायकू गेली तवा तुज्या दारात तार आली व्हती. ती चुलीत घालून तू पोराचं जावळ उरकलंस!’

‘आता तसं लपवायचं दिवस गेलं. माज्या ज्ञानेश्वरनं सकाळीच कंप्युटरवर वाचून फोन केला. समद्या दुनियेला म्हाईत हाय, भिमाजीकाका गेलं म्हून!’

मग हातघाईच सुरू झाली. खालच्या आळीतून अजून दोघं-तिघं धावत आले, कुणीतरी मांडवाचा खांब हलवला, देवकापुढचा तांब्या कलंडला. शेवटी मामांनी आणि गोरखनं काकांना ढकलत बाहेर काढलं. ‘या लग्नाचा घास आमच्या आळीतलं कुत्रं बी खानार न्हाई,’ असं म्हणून ते गेले.

त्या सगळ्या आरडाओरड्यात मला एकच गोष्ट कळली होती, की हर्षालीचे आजोबा गेले. मी गोरखला परसात गाठलं.

‘काय लिहिलं होतं तिनं? खरं सांग.’

‘आजोबा गेले, दीदी, मला फोन कर.’

‘आणि तू मला लाइट नव्हती म्हणून सांगितलंस?’

‘तुज्यासाठीच केलं ना! तुला सांगितलं असतं तर तू भोकाड पसरलं असतंस, आन समद्या गावाला कळलं असतं.’

मी त्याच्या थोबाडीत मारली. फोनची वायर जोडायला गेले, तर आईनं माझा हात धरला. ‘नवरीनं मयताच्या घरी फोन करायचा नसतो. लगीन होऊ दे, मग काय रडायचं ते रड.’ तिनं हात सोडला नाही.

रविवारी लग्न लागलं. खालच्या आळीतून खरंच कुणी आलं नाही. घोडेगावला काकांनी निरोप धाडलाच होता, पण माझे सासरे म्हणाले, ‘देवक बसलं व्हतं ना? मग झालं तर.’ म्हणजे आईवडिलांनी केलं ते बरोबरच ठरलं. मला त्यांचा राग येत होता आणि त्यांच्यामुळंच मी बोहल्यावर उभी होते, या दोन्ही गोष्टी खऱ्या. त्याचा मला अजून जास्त राग येत होता.

सत्यनारायण झाल्यावर मी नवऱ्याला घेऊन घोडेगावच्या कॅफेत गेले. कम्युनिटी उघडली. ज्ञानेश्वरनं इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलं होतं: ‘भिमाजी आजोबांची चिता जळत होती तेव्हा सोपानकाकांच्या मांडवात वाजंत्री वाजत होती.’ हलकट माणूस! पण एक शब्द खोटा नव्हता. खाली ज्यांनी भिमाजी आजोबांना कधी डोळ्यांनी बघितलं नाही त्यांचे शोकसंदेश, कुणी नाशिकहून, कुणी थेट लंडनहून. त्याच्या खाली वरच्या आळीची पोरं खालच्या आळीच्या आया-बहिणी काढत होती आणि खालच्या आळीची वरच्या. बाजूला एक नवी कम्युनिटीही निघाली होती, ‘खरी भावकी, पिंपरी पेंढार’.

आणि माझ्या पानावर हर्षालीचा स्क्रॅप होता. ‘दीदी, कोण येऊन गेलं ते माझ्या पेजवर दिसते. शुक्रवारी सकाळी तू आली होती. तुझा फोटो दिसते. तू वाचला, मग बाजा वाजवला.’ मी मैत्रिणींची यादी बघितली. त्यात ती नव्हती.

मी नवऱ्याचा मोबाइल घेऊन रस्त्यावर आले. ‘मला फोन कर’ लिहिताना तिनं खाली जो नंबर दिला होता, तो लावला. तिनंच उचलला. ‘हर्षाली, मी स्नेहल. ती मी नव्हते गं. माझा पासवर्ड गोरखकडं होता, त्यानं वाचलं, मला कुणी सांगितलंच नाही. आईची शपथ.’  तिच्या मागून कुणी बाई गुजरातीत विचारत होती, कोण आहे म्हणून.

‘कुणी नाही,’ हर्षाली तिला मराठीत म्हणाली, मला समजावं म्हणून, आणि तिनं फोन ठेवला.