मौनातली संमती

आठ दिवसांची मौनसाधना संपवून सिस्टर सकाळी शाळेत आली, तर तिच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सुतार दुसऱ्या टेबलाचे स्क्रू काढत होता. पहिलं टेबल पाय वर करून भिंतीला टेकलेलं.

"अहो, हे काय चाललंय?"

"मला कशाला ओरडता, सिस्टर? मदरचा हुकूम आहे. इथे पाहुण्यांसाठी हॉल होणार."

सिस्टरच्या तळपायाची आग मस्तकात गेली. प्रात्यक्षिक परीक्षा तीन आठवड्यांवर आलेली आणि एकोणीस मुलींपैकी निम्म्यांचे प्रयोग अजून चुकत होते.

ती तडक कॉन्व्हेंटच्या प्रमुखांच्या, म्हणजे मदरच्या खोलीत शिरली. मदर तिच्याहून बारा वर्षांनी लहान, तिच्याच पहिल्या तुकडीतली विद्यार्थिनी.

"बसा, सिस्टर. साधना कशी झाली?"

"उत्तम. माझी प्रयोगशाळा मोडायचं कधी ठरलं?"

"बुधवारी जेवताना मी सगळ्यांना विचारलं, कुणाची हरकत आहे का. तुम्ही समोरच होतात. गप्प बसलात."

"मी मौनात होते!"

"निदान मान तरी हलवायची."

"बोलायचं नाही, खुणा नाहीत, चिठ्ठी नाही, हा नियम तुम्हीच वाचून दाखवलात! आधी तोंडाला कुलूप लावायचं आणि वर विचारायचं, बोलली का नाहीस?"

खरं तर बुधवारी हरकत तिच्या अगदी ओठांवर आली होती. मौन संपेपर्यंत मदर थांबेल, अशा भाबड्या समजुतीने तिने ती पाण्याबरोबर गिळली. आता मदरपेक्षा तिला स्वतःचाच राग जास्त येत होता. नियम पाळला तिने, किंमत मोजणार होत्या मुली.

"दरवर्षी मुली कमी होताहेत," मदर म्हणाली. "चौकशीला येणारे पालक जिन्यात ताटकळतात. देणगीदार हॉल देतोय, प्रयोगशाळा नाही. तुमच्या मुलींना पलीकडच्या शाळेत आठवड्याला एक तास मिळेल."

"एक तास! पोहायला शिकवताय की पाणी दाखवून आणताय?"

"सिस्टर, आज्ञापालनाचं व्रत तुम्ही माझ्याआधी घेतलंय. चावी द्या."

सिस्टरने चावी टेबलावर आपटली, पण हात तिच्यावरच ठेवला.

"देते. पण व्रताच्या नावाने आज्ञा द्यायची तर ती लेखी लागते आणि प्रत वर, प्रांतप्रमुखांना जाते. हाही आपल्याच संघाचा नियम. लिहा. कारणही लिहा, की हरकत घेणारी सिस्टर मौनात होती, म्हणून हरकत आली नाही."

मदरने कागद ओढला. तारीख लिहिली. पेन तिथेच अडलं.

"हा हट्ट आहे तुमचा."

"असू दे. लिहा."

मदरने पेनाला टोपण लावलं. "परीक्षा होईपर्यंत राहू दे प्रयोगशाळा. मग मी आज्ञा लिहीन."

"मीही लिहीन. वर."

चावी मुठीत घेऊन ती प्रयोगशाळेत परतली. "ते टेबल सरळ करा."

"मदरला विचारून येऊ?" सुतार म्हणाला.

"जा, विचारा. मी आहे इथेच."

तास सुरू झाला, तेव्हा काचेच्या नळीत आम्ल कसं ओतायचं ते तिने नेहमीसारखं स्वतः करून दाखवलं नाही. तिने बाटली पहिल्या बाकावरच्या मुलीपुढे सरकवली.

"बघत काय बसलीस? ओत!"