आसरांचे दगड आणि पितळी ओळंबा

मित्रांनो, मी एक जुना ओळंबा आहे. गवंडी भिंत बांधताना दोरीला जो जड लोलक सोडतात ना, तोच मी. पितळेचा आहे, खाली निमुळता. वर माझ्याच जाडीचा एक लाकडी ठोकळा आहे. ठोकळा भिंतीला टेकवायचा, मला खाली सोडायचं. मी भिंतीला नुसता शिवलो तर भिंत सरळ. लांब राहिलो किंवा रेललो तर पाडा आणि पुन्हा बांधा! एवढंच माझं शिक्षण. पण त्यात मी कधी नापास झालो नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

माझा जन्म सांगलीजवळच्या कुपवाडच्या कारखान्यात, एका लेथवर झाला. तिथून मला तात्याबांनी घेतलं. हे मूळचे जत तालुक्यातले, मेंढरांमागं फिरणाऱ्या घरातले. दुष्काळात मेंढरं गेली आणि त्यांनी थापी धरली. तीस वर्षं आम्ही दोघांनी मिळून भिंती उभ्या केल्या. कुणी घाई केली की तात्याबा म्हणायचे, "मानूस लबाड बोलंल, वळंबा न्हाई." असं ऐकलं की मला कोण आनंद व्हायचा!

मग आलं ते लाल रेघ मारणारं यंत्र. लेझर म्हणतात त्याला. साईटवरचा सुपरवायझर शिवतेज त्याला बाळासारखं जपायचा. मला हसून म्हणाला, "तात्या, ह्यो आता म्युझियममदी ठेवा." मी पिशवीत गेलो, खिळे आणि बिडीच्या थोटकांत. लय वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू?

ही साईट होती माधवनगरजवळची. सुभेदार लालासाहेब फौजेतून निवृत्त होऊन आले होते. शेतातला ऊस काढून त्यांनी तिथे चार मजली इमारत बांधायला घेतली. एक खोली, एक स्वयंपाकघर, अशी बिऱ्हाडं. कुपवाडच्या कामगारांना भाड्यानं द्यायची. आजूबाजूला दर दोन महिन्यांनी अशीच एक इमारत उठत होती. वरचे दोन मजले अजून अर्धवट होते, तरी तळमजल्यावर पहिलं बिऱ्हाड आलंसुद्धा. ते होतं तात्याबांच्या लेकीचं, सोनियाचं. नवरा कारखान्यात आणि कडेवर चार महिन्यांचं बाळ.

सोनियाला माझी दया आली. तिनं मला पिशवीतून काढलं, चिंचेनं घासलं आणि खिडकीसमोरच्या भिंतीवर, छताजवळ, माझा ठोकळाच खिळ्यानं ठोकला. मी खाली लोंबकळलो आणि भिंतीला अलगद शिवलो. पंखा सुरू झाला की मी हलायचो आणि भिंतीवर टक, टक वाजायचो. त्या आवाजावर बाळ झोपायचं. म्हातारपणी मला नोकरी लागली म्हणा ना!

आणि एके दिवशी, मित्रांनो, मला भीती वाटली.

भिंत मला शिवेना. आधी केसाएवढी फट होती. मला वाटलं, दोरी पिळली असेल. आठवड्यात ती फट गव्हाच्या दाण्याएवढी झाली. मी तर जागचा हलत नव्हतो. मला हलताच येत नाही, पृथ्वी जिथे ओढते तिथेच मी लोंबतो. म्हणजे भिंत हलत होती. माझ्या माथ्यावरून ती खोलीत झुकत होती, अख्खं घर खिडकीकडच्या कोपऱ्यात खचत होतं. खाली पाळण्यात बाळ मुठी चोखत पडलेलं! ओरडावंसं वाटलं, पण पितळेला कुठलं तोंड? दार घासायला लागलं, तर शिवतेजनं रंधा मारून दिला. कोपऱ्यात चीर पडली, तर त्यानं पुट्टी भरली. मी नुसता लोंबत राहिलो आणि बाळाचे श्वास मोजत राहिलो.

एका दुपारी बाळ काही केल्या झोपेना. सोनियानं पंखा वाढवला. मी हेलकावे खाल्ले, पण आवाज नाही. ती थबकली. गवंड्याची पोर ती! उठली आणि माझ्या अन् भिंतीच्या मध्ये तिनं बोट घातलं. ते सरळ आत गेलं. तिनं फोन लावला.

"बा, वळंबा वाजंना झालाय."

"वाजंना म्हंजी?"

"बोट जातंय मदी. तुमी आत्ताच्या आत्ता या."

तात्याबा वरच्या मजल्यावरून सिमेंटच्या हातानंच धावत आले. त्यांनी बघितलं, पुन्हा बघितलं आणि सुभेदारांना हाक मारली. सुभेदार आले. मागून त्यांच्या मंडळी राहीबाई आल्या आणि शिवतेजही आला.

"सुभेदार, कोपरा खचतोय. आदी मान्सं भाईर काडा."

"आरं तात्याबा, पाडव्याला वीस बिऱ्हाडं यायची हायती. असलं काय बोलू नगंस."

"लेझरनं बघितल्याली भित हाय," शिवतेज म्हणाला.

"भित बांदली तवा बघितलीस. आज बघ की!" तात्याबा म्हणाले.

सुभेदार चिडले. "इंजिनेरला मी सोता जागा दावली. हितं जुनी हीर व्हती, मला ठावं न्हाई व्हय? आसरांचं दगड तितं कडंला हायती. तितनं वीस फूट सोडूनच खांब घेतलाय."

आसरा म्हणजे पाण्यातल्या सात देवता. विहिरीच्या काठी शेंदूर लावलेले त्यांचे सात दगड असतात. जिथे दगड, तिथे विहीर, हे गावातलं शेंबडं पोरही सांगेल.

राहीबाईंनी पदर तोंडाला लावला. "आवं... पण दगडं मी हलवली न्हवं?"

"कवा?"

"तुमी डूटीवर व्हता तवा. भावजींनी हीर बुजवली. म्हनलं, आसरांवर माती कशी टाकायची? मीच वटी भरून, वाजत गाजत त्यास्नी कडंला नेऊन बशिवलं. हीर तितं न्हवती." त्यांनी बोट खिडकीबाहेर, त्या कोपऱ्याच्या खांबाकडे केलं. "हीर हितं व्हती."

सुभेदारांनी एकदा त्या खांबाकडे, एकदा पाळण्याकडे बघितलं. मग त्यांनीच वाकून बाळासकट पाळणा उचलला आणि ते ओरडले, "सगळी भाईर! वरच्यास्नी हाका मारा! सामान ऱ्हाऊ द्या!"

दिवस मावळायच्या आत इमारत रिकामी झाली. इंजिनिअरनं भोवती धोक्याची पट्टी बांधून कुणालाही आत जायला बंदी केली. सोनिया मला आणायला वळली, तर तात्याबांनी तिचा हात धरला. "ऱ्हाऊ दे त्येला. किती झुकली ते सांगत ऱ्हाईल."

म्हणून मी अजून इथेच आहे. रोज सकाळी तात्याबा पट्टीबाहेर उभे राहून खिडकीतून माझ्याकडे बघतात. मला एकटं वाटतं, आणि भीती तर फार वाटते. रिकाम्या घरातही कुठे काही करकरलं की मी दचकतो. पण बाळ बाहेर आहे, एवढ्यावर मी धीर धरतो.

काल मात्र खिडकीतून वेगळंच दिसलं. रस्त्यापलीकडच्या शेतात 'खोल्या भाड्याने मिळतील' असा नवा फलक लागला आहे, अजून पायासुद्धा नाही तरी. आणि बांधावरून पाच-सात बायका चालल्या होत्या. हातात हळदकुंकवाची ताटं, डोक्यावर आसरांचे शेंदरी दगड, पुढे हलगी. तात्याबा पट्टीपाशी हात हलवून ओरडत होते, "बायांनो, हीर कुटं हाय ते आदी कुनालातरी दावून ठिवा गं!" हलगीच्या आवाजात त्यांचं कुणाला ऐकू गेलं नाही. बायांनी हसून हात हलवला आणि त्या पुढे गेल्या.

मित्रांनो, तुमचे आईबाबा नव्या खोलीत राहायला निघाले, तर रंग बघू नका, फरशी बघू नका. तिथल्या एखाद्या म्हातारीला गाठा आणि विचारा, आजी, इथे आधी काय होतं? आणि देव हलवलेत का कुणी? पुढचं मला सांगवत नाही.

आज सकाळी तात्याबांनी लांबूनच माझ्या अन् भिंतीच्या मधली फट बोटांनी मोजली. चार बोटं झाली आहे.