आजींचं म्हणणं

चौकशीला आलेल्या अधिकारी बाईंनी आजींच्या पलंगाशी खुर्ची ओढली, तशी आजींची उशी सारखी करणारी ती कामवाली बाजूला सरकली. अर्धांगाच्या झटक्यानंतर आजींची वाचा गेली होती. उरले होते तीन-चार घोगरे आवाज, आणि ते कळायचे फक्त तिला. पाण्याचा कुठला, कूस बदलण्याचा कुठला, हे पोटच्या मुलालाही सांगता येत नव्हतं.

या परक्या देशात, या घरी कामाला येऊन तिला सहा वर्षं झाली होती. लेकीला आपल्या आईकडे ठेवून निघाली, तेव्हा लेकीचे दुधाचे दात पडत होते. आता लेक फोनवर ‘हो’, ‘नाही’, ‘बरं’ एवढंच बोलायची. सहा वर्षांत एकदाही सुट्टी नाही. विषय काढला की साहेब, म्हणजे आजींचा मुलगा, म्हणायचे, बघू. पासपोर्ट त्यांच्या कपाटात, कुलपात. शेवटी बाजारात भेटलेली तिच्याच मुलखातली एक आया तिला कामगार संघटनेच्या कचेरीत घेऊन गेली, आणि अर्ज झाला.

साहेबांनी अधिकारी बाईंना समजावून सांगितलं, की ती घरच्यासारखीच आहे, तिला काही कमी नाही, पण आईचं तिच्यावाचून घटकाभर चालत नाही. हवं तर आईलाच विचारा.

बाई वाकून म्हणाल्या, "आजी, हिला घरी जाऊन यायचंय. तुमचं काय म्हणणं आहे?"

आजींनी तिच्याकडे बघितलं. ओठ वाकडे झाले. घशातून खरखर आली, थांबली, पुन्हा आली.

सगळे तिच्या तोंडाकडे बघू लागले. ‘जाऊ द्या म्हणतात’ असं सांगून ती मोकळी झाली असती, तर खोटं पकडणारं कोणी नव्हतं. पण आजी ऐकत होत्या.

"त्या म्हणतात, जाऊ नको," ती म्हणाली.

साहेबांचा चेहरा खुलला. अधिकारी बाईंनी ते लिहून घेतलं आणि पेनाला टोपण लावलं. "त्यांची इच्छा कळली. सुट्टी हा मात्र हिचा हक्क आहे, तो दुसऱ्याच्या इच्छेवर नसतो. पासपोर्ट आणा."

साहेबांनी तो अधिकारी बाईंसमोर धरला. बाईंनी मानेनेच तिच्याकडे खूण केली. तिने हात पदराला पुसून मग तो घेतला.

त्या दुपारी तिने लेकीला फोन केला. लेक ‘बरं’ म्हणाली. मग तिने हळूच विचारलं, "किती दिवसांसाठी?"

"दोन महिने," ती म्हणाली.

पुढचा आठवडा तिने साहेबांच्या बायकोला आजींचे आवाज शिकवले. वहिनी वहीत लिहून घेत. पाण्याच्या आवाजाला सुरुवातीला घसा खाजवल्यासारखं होतं, कूस बदलायची असली की तोच आवाज लांबतो. वहिनी चुकायच्या, आजी रागाने डोळे मिटून घ्यायच्या.

निघायच्या सकाळी ती बॅग घेऊन दारापर्यंत गेली, आणि आतून आवाज आला. वहिनींनी वहीची पानं भराभर उलटली.

"हा कशाचा? हा तर तू सांगितलाच नाहीस."

"ती मला हाक आहे, वहिनी. ते नका लिहू."

तिने तिथूनच ओ दिली. जिना उतरेपर्यंत ती ओ देत राहिली.