शेवटचा आकडा

ऑफिसात सगळे तिला पाठीमागे फौजदार म्हणत आणि ते तिला ठाऊक होतं. न विचारता कुणी लायब्ररीला हात लावला की ती उठून त्याच्या टेबलापाशी जाऊन उभी राहायची, आणि मग त्या माणसाची दुपार फुकट गेलीच म्हणून समजा. कंपनी तिच्या मोठ्या भावाची. मोजकी माणसं, दोन खोल्या आणि काम एकच: नवजात बाळांच्या पायाला सेन्सरची पट्टी बांधून हृदयाचे ठोके पडद्यावर दाखवायचे आणि काही बिनसलं तर गजर करायचा.

लायब्ररी म्हणजे इथे पुस्तकं नव्हेत. पट्टीकडून येणाऱ्या सिग्नलचे आकडे करून देणारा तो तयार कोड. पडद्यावरचा आलेख असो की गजर, दोन्ही या लायब्ररीच्याच जिवावर चालायचे. तिच्या आवृत्त्या दोन. जुनी, म्हणजे स्टेबल, दिसायला ओबडधोबड, पण एवढ्या वर्षांत एकदाही दगा न दिलेली. आणि नवी, अजून घडत असलेली, डेव्हलपमेंटची. तिच्यावर आलेख लोण्यासारखा सरकायचा. ही नवी फौजदारबाईंनीच लिहिली होती, दीड वर्ष जीव ओतून. आणि ती वापरायच्या आड सगळ्यात जास्त त्याच यायच्या, आता बोला!

"चिमे, झालं बघ!" त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीनंतर दादा म्हणाला. बहीण पस्तिशीला आली तरी ऑफिसभर तो तिला चिमीच म्हणायचा. "आलेख पळाला. आठवडाभर उगाच नाचवत होतीस."

आलेखाला नवी हवी होती, गजर जुनीवर तपासलेला होता आणि दोघींचं नाव एकच. प्रोग्रॅमने हाक मारली की मशीनवर जी आधी सापडेल ती ओ द्यायची. चिमीचं म्हणणं होतं की दोघींना वेगळं घर द्या, गजराची गजरापाशी, आलेखाची आलेखापाशी. पण दादाला तेवढा दम कुठला? मशीन संध्याकाळच्या आत हॉस्पिटलात लागायचं होतं. त्याने शोधाच्या क्रमात नवीचं फोल्डर पुढे आणून ठेवलं आणि हात झटकले.

"आणि गजर?" तिने विचारलं.

"तोही चालू आहे. त्याची काही तक्रार नाही."

तक्रार करेल कशी? हाका त्याच, नाव तेच. ओ देणारी बदललीय हे गजराला कळणारच नव्हतं. चिमीने तपासणीची क्लिप स्वतःच्या बोटाला लावली. पडद्यावर बहात्तर. तिने क्लिप काढून टेबलावर ठेवली. जुनी असती तर आकड्याच्या जागी आडवी रेघ आली असती आणि गजराने खोली डोक्यावर घेतली असती. पडद्यावर बहात्तरच राहिले. टेबलाचं हृदय झकास चाललं होतं.

कशामुळे ते तिने लगेच ओळखलं. नवी लिहिताना सेन्सर सारखा जवळ नसायचा, आलेख तुटायचा, म्हणून तिने एक सोय करून ठेवली होती: सिग्नल नसेल तर शेवटचा आकडा धरून ठेव. कामापुरती. पक्की करताना काढून टाकायची म्हणून. तिने ते दादाला सांगितलं.

"मग आत्ता काढ ती," दादा म्हणाला.

"काढली की आलेख कोसळतो. तो तिच्याच आधाराने उभा आहे. आणि अशा सोयी आणखी किती असतील ते मलाच आठवत नाही, दादा. घडत असलेली म्हणजे हेच असतं! तपासायला महिना हवा. तोवर जुनी."

"मी त्यांना आलेख कबूल केलाय."

"मला न विचारता."

"कंपनी माझी आहे!"

दोन्ही खोल्यांतले कीबोर्ड थांबले. मग दादाने आवाज खाली आणला. हे हॉस्पिटल हातचं गेलं तर ऑफिसला टाळं लावावं लागेल, म्हणाला. वॉर्डात नर्स असतेच की, डोळ्यांत तेल घालून. "तू फक्त मशीन लाव. तिथे तोंड उघडू नकोस. एवढं कर माझ्यासाठी."

ती लॅपटॉप घेऊन उठली. त्याच्याबरोबर निघाली. आपण नाही म्हटलं तर दुसरा कुणीतरी मुकाट्याने लावून येईल, हे तिला दिसत होतं.

वॉर्ड उबदार होता. काचेच्या पेट्यांत तळहाताएवढी बाळं झोपली होती. दादाने आलेख सुरू करून दाखवला आणि डॉक्टर खूश झाले. वॉर्डची जुनी सिस्टर मात्र चष्मा वर करून पडद्याकडे बघत राहिली.

"ही पोरं लाथा मारून पट्टी काढतात," ती म्हणाली. "दिवसभर तेच. पट्टी निघाली की वाजतं ना?"

"वाजतं," दादा म्हणाला. पापणीसुद्धा लवली नाही त्याची.

"नाही वाजत," चिमी म्हणाली.

दादा हसला. "माझी धाकटी बहीण. जरा जास्तच काळजी..."

"बहीण घरी. ही लायब्ररी मी लिहिलीय, आणि मीच सांगते, पट्टी जमिनीवर पडली तर जमिनीचे ठोके दिसत राहतील. खोटं वाटत असेल तर काढून बघा."

सिस्टरने पट्टी स्वतःच्या बोटाला गुंडाळली आणि ओढून काढली. आलेख सरकत राहिला. डॉक्टरांनी दादाकडे पाहिलं. "मग हे आणलंत कशाला?"

चिमीने कुणालाही न विचारता लॅपटॉप उघडला, नवी उतरवली, जुनी चढवली. पडदा पुन्हा पहिल्यासारखा कळाहीन झाला: ठळक आकडे आणि अडखळणारी रेघ.

"आम्ही आलेख बघून होकार दिला होता," डॉक्टर म्हणाले. "आता विचार करावा लागेल."

"करा. पण तोवर हेच राहू द्या. आलेख मला पटेल तेव्हा येईल."

सिस्टरने पट्टी एका इवल्याशा पायाला बांधली.

बाहेर आल्यावर दादाचा चेहरा लाल झाला होता. "उद्यापासून ऑफिसात येऊ नकोस," तो म्हणाला. आजवर तिला तो असं कधी बोलला नव्हता. ते तिला लागलं, चांगलंच लागलं, पण आवाज तिने हलू दिला नाही.

"येणार. माझ्याच खुर्चीत बसणार. बाहेर काढायचं तर उचलून काढ. आणि ती कच्ची असताना पुन्हा कुणाच्या पायाला बांधलीस, तर त्या वॉर्डात येऊनही हेच सांगेन. तू समोर असलास तरी."

तेवढ्यात आत गजर किंचाळला. दादा दचकून दाराकडे धावला.

चिमी जागची हलली नाही. सिस्टर पेटीपाशी पोचली असणार, हे तिला न बघता माहीत होतं.