उघडणावळ

नागप्पा आडत्यांनी बाटली दोन धोतरांत गुंडाळली, वर शेंगदाण्याच्या चटणीचा डबा ठेवला आणि पिशवी छातीशी धरून ते गोव्याच्या जहाजावर चढले. लपवायचं खरं तर काही कारण नव्हतं. स्वतःची वाइन आणलेली चालते, असं जहाजवाल्यांनीच कळवलं होतं. पण उदगीरच्या शिवभक्त माणसाच्या पिशवीत दारूची बाटली आली, की त्याचे हात आपोआप चोरासारखे वागायला लागतात, त्याला नागप्पा तरी काय करणार!

बाटली त्यांच्याच द्राक्षांची होती. आडत दुकान पोरावर सोपवल्यावर नागप्पांना शेतीचा नाद लागला आणि नाशिककडच्या एका कारखान्याच्या भरवशावर त्यांनी वाइनची द्राक्षं लावली. दोन हंगाम माल कारखान्याला गेला. मग पावसानं दडी मारली, विहीर आटली, गावाला टँकर सुरू झाला. पोरगा वीरभद्र म्हणाला, बाबा, आता ही बाग काढून टाका. त्यानं माणसंही सांगून ठेवली. नागप्पा परतले की दुसऱ्याच दिवशी बाग उपटायची.

नागप्पांचा जीव मात्र बागेत अडकला होता. कारखान्यानं भेट म्हणून पाठवलेली एक बाटली घरात पडून होती आणि ती घरात उघडायची सोय नव्हती. तेवढ्यात मुखेडच्या ग्यानोबाच्या मुंबईतल्या लेकीनं दोन्ही जोडप्यांची जहाजाची तिकिटं काढली. ग्यानोबा म्हणजे नागप्पांचा कॉलेजपासूनचा दोस्त, रिटायर तलाठी. नागप्पांनी मनाशी ठरवून टाकलं, की ग्यानोबाला चाखवायची. तो चांगली म्हणाला तर बाग ठेवायची. नाही म्हणाला तर कुऱ्हाड. हा बेत त्यांनी कुणालाच सांगितला नाही, बायकोला तर नाहीच.

जहाज बघून चौघंही हरखले. इतकं पाणी, आणि एकाच्याही हातात घागर नाही! ग्यानोबाची भामाबाई तर कठड्याला धरून नुसती हसत होती. शेजारच्या पुणेकर बाईंनी विचारलं, "तुम्ही कुठले?"

"उदगीर," नागप्पा म्हणाले.

"कोणता जिल्हा?"

"जलमलो तवा बीदर. शाळेत होतो तवा उस्मानाबाद. आता लातूर. उद्याचं काय सांगावं, उदगीरच जिल्हा व्हायचा म्हणून बोंब हाय."

"आदी प्यायला पाणी द्या म्हणावं," त्यांची बायको शिवकांता म्हणाली, "मग पायजे तितके जिल्हे करा."

संध्याकाळी जेवायला बसल्यावर नागप्पांनी बाटली टेबलावर ठेवली. भामाबाईंनी पदर तोंडाला लावला. शिवकांता बाटलीकडे बघत राहिली. वाढपी आला. रत्नागिरीकडचा, गोड बोलणारा तरुण, हातावर पांढऱ्या रुमालाची घडी टाकलेली.

"काका, याला कॉर्केज लागेल."

"ते काय आसतं?"

"बाटली तुमची असली तरी बूच आम्ही काढतो, ग्लास आमचे. त्याचे पैसे."

"हां, म्हंजे दळणावळ आसती तशी उघडणावळ," नागप्पा म्हणाले. त्यांना हे एकदम पटलं. आयुष्यभर दुसऱ्याच्या मालावर हमाली न् आडत लावली, आता आपल्या मालावर कुणी लावली म्हणून रागवायचं कशाला? फक्त भाव ठरवायला हवा. आणि भाव ठरवायला समोर दस्ती तयारच होती! नागप्पांनी त्या पांढऱ्या घडीखाली हात घातला आणि वाढप्याची दोन बोटं दाबली.

जुन्या आडतीत सौदा असाच व्हायचा. दस्तीखाली हात, बोटांनी भाव, बघणाऱ्याला काही कळायचं नाही. वाढप्यालाही काहीच कळलं नाही. तो बिचारा हात तसाच ठेवून ताठ उभा राहिला. नागप्पांनी अजून एक बोट वाढवलं.

"आप्पा, सोड त्याला," ग्यानोबा हसून हसून बेजार झाला. "ती दस्ती सौद्याची न्हाई."

नागप्पांनी ओशाळून हात काढला आणि पुरते पैसे दिले. बूच निघालं. एका ग्लासात गडद लाल वाइन पडली. नागप्पांनी ग्लास ग्यानोबापुढे सरकवला.

"घे."

"मी? आरं, मी पंचशील घेतल्याला माणूस. कंदी घेतलोय का मी?"

"तलाठी होतास की! तलाठी घेतेतच."

"मी न्हाई घेत. मला वाटलं, तूच आता चोरून घेतोस. म्हणून तर गप बसलो."

पन्नास वर्षांची दोस्ती, आणि दोघांनीही एकमेकांना मनातल्या मनात पेताड ठरवून माफसुद्धा करून टाकलं होतं! भामाबाईला हसू आवरेना. नागप्पांना मात्र रडू यायच्या बेतात होतं. त्यांनी सगळंच सांगून टाकलं. माणसं सांगून ठेवलीत, ग्यानोबाच्या शब्दावर बाग ठरणार होती, आता कुणाला विचारू?

"वीरभद्राला इचारलात," शिवकांता म्हणाली. "किरशी आफिसरला इचारलात. कारखानेवाल्याला इचारलात. आता ह्या भाऊजींना इचारायलात."

"मग?"

"मला कंदी इचारलात?"

सगळा उन्हाळा विहिरीत रात्रभर झिरपलेलं पाणी पहाटे उठून ओळीओळीनं बागेला सोडत होती ती हीच बाई. ते तेव्हा अंथरुणात असायचे. मोटारीचा आवाज ऐकायचे आणि कूस बदलायचे. विचारायचं म्हणून त्यांच्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. आत्ता आलं, आणि त्यांना मनापासून लाज वाटली.

शिवकांतानं गळ्यातल्या लिंगाला हात लावून डोळे मिटले, ग्लास उचलला आणि एक घोट घेतला. तिचं तोंड वाकडं झालं.

"कसं हाय?" नागप्पांनी हळूच विचारलं.

"आंबट हाय. तुरट बी हाय." तिनं ओठ पुसले. "जिभेवरून हालंना झालंय."

"म्हंजे वाईट?"

"मी कवा वाईट म्हनले?" शिवकांता म्हणाली. "वीरभद्राला फोन लावा. म्हणावं, आईनं सांगितलंय, त्या मानसांना पाणी अडवायला बांध घालायच्या कामाला लावा. बागंला हात लावायचा न्हाई."

फोनला रेंज नव्हती. नागप्पा तरीही खुर्चीवरून उठले, फोन उंच धरून कठड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत हिंडले आणि एकदाचा पोराचा आवाज आल्यावर इतक्या मोठ्यानं बोलले, की पुणेकर बाईंनासुद्धा बागेची बातमी कळली. परत आले तेव्हा शिवकांता ग्यानोबाला टोकाच्या ओळीतल्या वेलींचं काहीतरी सांगत होती, आणि सांगता सांगता तिनं दुसरा घोट घेतला.