साच्याला लागलेला मैदा

बेकरीत दिवसभर दुसऱ्यांचे केक भाजून आई घरी आली, तेव्हा तिच्या पायांचे नुसते ओंडके झाले होते. तरी चपला काढून ती थेट ओट्याशीच गेली. उद्या लेकीचा वाढदिवस. ज्याचा वाढदिवस त्याने वर्गाला केक न्यायचा, आणि या पोरीला गहू वर्ज्य! कण जरी पोटात गेला तरी आठवडाभर आडवी. इतरांच्या वाढदिवसाला ती आपला डबा घेऊन कोपऱ्यात बसायची. "या वेळी मी वाटणार आणि मीही तोच खाणार," असं तिने वर्गात सांगूनही टाकलं होतं.

सांगायला काय जातं! नाकी नऊ आले ते आईच्या. मैद्याऐवजी नुसतं तांदळाचं पीठ घातलं, तर केक वाळूसारखा भुगा झाला. दुकानातलं तयार मिश्रण आणलं, तर रबर.

"वहिनी, याच्या चपला शिवा," आत्या म्हणाली होती. "वर्षभर झिजायच्या नाहीत."

"वन्सं, तुम्ही तुमची बिस्किटं बघा."

आज आईने तांदळाच्या पिठात कॉर्नफ्लोअर आणि बदामाची पूड मिसळली, एक अंडं जास्त फोडलं आणि मिश्रण झाकून मुरत ठेवलं. लोणी लावलेल्या साच्यात ओतून ते ओव्हनमध्ये सरकवलं आणि तिथेच जमिनीवर बसकण मारली.

आणि केक फुगला! लेक तर घरभर नाचली. आईने साचा ताटलीवर उपडा केला, तसा केक अलगद सुटला. कुठे चिकटणं नाही, ओढणं नाही. आईने बुडावरून बोट फिरवलं. पांढरी भुकटी.

साच्याला लोणी लावायचं, वर मैदा भुरभुरायचा, साचा आपटून उरलेला झटकायचा. बेकरीत हे इतकं अंगवळणी पडलेलं, की हाताने डोक्याला विचारलंच नव्हतं. आत्याच्या बिस्किटांच्या मैद्याचा डबा ओट्यावर उघडाच होता.

"कडा कापून आतला दे तिला," आत्या हळूच म्हणाली. "चिमूटभराने काय होतंय?"

"तिला काय होतं ते तुम्ही पाहिलंय, वन्सं."

लेक केककडे बघत राहिली. मग म्हणाली, "राहू दे आई, मी डबाच नेईन. सवय आहे मला."

शेवटचे तीन शब्द ऐकून आईने पदर खोचला. ओटा पुसला, साचा आणि चमचे घासले, पुन्हा घासले. बदाम संपले होते.

"सुक्या खोबऱ्याचा कीस आहे," आत्या फडताळात डोकं घालून म्हणाली. मैद्याचा डबा तिने आधीच आपल्या खोलीत नेऊन ठेवला होता. "चालेल?"

"चालवू."

या वेळी साच्यात कागद घातला, आणि तो कापला लेकीने. केक बुटका झाला, एका बाजूला कललेला, वर भेग. लेकीने गरमच तुकडा मोडला, फुंकर मारून तोंडात टाकला.

"जरा खरखरतोय," ती भरल्या तोंडाने म्हणाली, "पण वर्गाला पुरेल ना?"

"बारीक काप," आई म्हणाली आणि तिथेच भिंतीला टेकून तिने डोळे मिटले.