आडव्या सायकलला इंजिन

दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या बाईंची पाठ तिसऱ्यांदा धरली, तेव्हा हाडांच्या डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं. दिवसभर टेबलावर वाकून काम करायचं आणि वर वाकूनच सायकल चालवायची, हे यापुढे जमणार नाही. दोन्हींपैकी एक सोडा.

काम सोडणं शक्यच नव्हतं. घराच्या मागच्या खोलीत प्लास्टरचे साचे, मेणाच्या वड्या आणि पॉलिशचं चाक मांडून बाईंनी बावीस वर्षं लोकांना चावायला दात दिले होते. तयार कवळ्या दवाखान्यात पोचवायलाही त्याच जायच्या. शेवटी त्यांनी एक जुनी आडवी सायकल घेतली. आरामखुर्चीत रेलावं तसं मागे टेकून बसायचं, पाय समोर लांब करायचे आणि पेडल मारायचं. पाठीला काडीचा त्रास नाही. गल्लीतल्या लोकांनी लगेच तिचं नाव ‘चालता पलंग’ ठेवलं. बाईंनी ते मनावर घेतलं नाही. लोक पलंगाबद्दल बोलेनात का, पाठ तर कुरकुरत नव्हती!

अडचण एकच होती. निम्मे दवाखाने वरच्या पेठेत, आणि तिथे जायचा रस्ता म्हणजे छातीवर येणारा चढ. साध्या सायकलवर उभं राहून जोर लावता येतो, आडव्या सायकलवर उभं कसं राहणार? बाई अर्ध्यावर उतरायच्या आणि सायकल ढकलत, घामाघूम होऊन वर पोचायच्या.

“इंजिन लाव की,” एकदा जेवताना नवरा म्हणाला. तो गमतीत बोलला होता. पण समोर बसलेल्या सासऱ्यांचा घास हातातच राहिला.

सासरे पाणीपुरवठ्याच्या पंपांवर चौतीस वर्षं मेकॅनिक होते. निवृत्त झाल्यापासून त्यांचं कशातच लक्ष लागत नव्हतं. सकाळी खिडकीशी बसायचे ते दुपारी तिथेच दिसायचे. सुनेशी बोलणं म्हणजे “पाणी दे” आणि “दार लाव”. त्या दुपारी मात्र ते चपला घालून न सांगता बाहेर पडले आणि संध्याकाळी काखोटीला गाठोडं मारून परतले. आत गवत कापायच्या मशीनचं इंजिन होतं. भंगारवाल्याकडून आणलेलं, काळंकुट्ट, नारळाएवढं.

“बाबा, हे चालेल?” बाईंनी विचारलं.

“चालेल म्हणजे? पळेल!”

आणि मग आठवडाभर घरात दुसरा विषय नव्हता. सासऱ्यांनी आधी इंजिनाला रबरी चाक लावून ते मागच्या टायरवर घासत ठेवलं. चढावर ते नुसतं घसरलं आणि टायरचा जळका वास तेवढा सुटला. “हा नाद सोडा आता,” नवरा म्हणाला. सासऱ्यांनी त्याच्याकडे ढुंकून पाहिलं नाही. त्यांनी सीटच्या पाठीमागे लोखंडी पट्ट्यांची बैठक केली, इंजिन तिथे बसवलं आणि बारीक साखळीने त्याचा जोर मागच्या चाकाला दिला. इंजिन बंद असताना नेहमीसारखं पेडल मारायचं, चढ आला की दोरी ओढून ते सुरू करायचं, अशी युक्ती. बाईंनीही हातभार लावला. इंजिनाचा एक झिजलेला वायसर मिळेना, तेव्हा त्यांनी कवळीच्याच गुलाबी मालातून तसा घडवून दिला. सासऱ्यांनी तो चष्मा वर करून उलटसुलट पाहिला.

“हात चांगला आहे तुझा,” ते म्हणाले. लग्नाला अठरा वर्षं झाली होती. बाईंना हे पहिल्यांदाच ऐकायला मिळत होतं. त्यांनी उगाचच टेबल पुसलं.

इंजिन बसलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी वरच्या पेठेतल्या दातांच्या डॉक्टरीणबाईंचा फोन आला. गावच्या बँडमधल्या ट्रम्पेटवाल्याची कवळी सकाळी फरशीवर पडून दुभंगली होती. हा माणूस दिवसा माळीकाम करायचा आणि संध्याकाळी ट्रम्पेट वाजवायचा. त्याच दिवशी सहा वाजता बागेत बँडचा कार्यक्रम होता आणि दातांशिवाय ट्रम्पेट वाजत नाही. कवळीचे तुकडे रिक्षाने आले. बाईंनी जेवण बाजूला सारून ते सांधले, घासले, आरशासारखे चमकवले. पाचला पाच कमी असताना डबी खांद्याच्या पिशवीत टाकून त्या निघाल्या.

चढाच्या पायथ्याशी त्यांनी दोरी ओढली. इंजिन खोकलं, शिंकलं आणि सुरू झालं. आणि काय सांगावं! जिथे जीव मेटाकुटीला यायचा, तिथे बाई आरामात रेलून, पाय स्थिर ठेवून झाडांचे शेंडे बघत वर चालल्या होत्या. भाजीवाली पाटी सावरत बघतच राहिली. बाईंनी तिला हात केला. डबीत कवळी कडकडकडकड वाजत होती, जणू तिलाच थंडी भरली होती.

वर चौकात, मधल्या फुलांच्या गोल वाफ्यासमोर, दवाखान्याच्या पायरीवर डॉक्टरीणबाई आणि ट्रम्पेटवाला वाट बघत उभे होते. बाईंनी हँडलवरची, इंजिनाचा वेग वाढवायची मूठ सैल सोडली. इंजिन कमी होईना. मूठ उलटी पिळली, तरी होईना. मुठीपासून इंजिनाकडे जाणारी तार आत कुठेतरी अडकली होती. ब्रेक दाबला की वेग मंदावायचा, पण इंजिन गुरगुरत ओढतच राहायचं. बाईंनी वाफ्याला वळसा घातला.

“अहो, थांबा ना!” डॉक्टरीणबाई ओरडल्या.

“थांबत नाहीये!”

दुसऱ्या फेरीला ट्रम्पेटवाला धावत जवळ आला आणि हातवारे करत ओरडला, “पेत्होलती नही हिमता!”

“पेटली?” बाईंनी मान वळवून मागे पाहिलं. “काय पेटलं?”

“नही! नही हिमता!”

“नाही की हो? एक काय ते सांगा!”

तोवर सायकल पुढे गेली होती. तिसऱ्या फेरीला बाईंनी एका हाताने पिशवीतून डबी काढली. निदान ज्याचं त्याला तरी पोचू दे, मग आपलं काय व्हायचं ते होवो. “हात पुढे करा!” असं ओरडून त्यांनी डबी लांब धरली. ट्रम्पेटवाल्याने ती धावता धावता पकडली, उघडली, पाठ फिरवून कवळी तोंडात बसवली आणि चौथ्या फेरीला चौकभर ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात म्हणाला,

“बाई, पेट्रोलची नळी चिमटा! उजव्या खांद्यामागे! रोज गवत कापतो मी, इंजिन ओळखीचं आहे!”

बाईंनी हात मागे नेला. मऊ नळी बोटांना लागली. ती त्यांनी कचकन चिमटीत धरली. आणखी अर्धी फेरी झाली, इंजिन दोन आचके देऊन गप्प झालं आणि सायकल दवाखान्याच्या दारात अशी अलगद थांबली, जणू मुद्दामच आणून लावली होती. डॉक्टरीणबाई हसत हसत पायरीवरच बसल्या. जमलेल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या.

“कशी बसलीय?” बाईंनी धापा टाकत विचारलं.

ट्रम्पेटवाल्याने जीभ फिरवून पाहिली. “झकास. पण वाजवताना हसू आलं तर दोष तुमचा.”

घरी आल्यावर बाईंनी सगळं रंगवून सांगितलं. नवरा हसून हसून आडवा झाला. सासरे मात्र हसले नाहीत. ते उठून सायकलपाशी गेले, तार सोडवून हातात घेतली आणि ती कुठे अडकली होती ते बोटाने चाचपून पाहिलं.

“चूक माझी आहे,” ते म्हणाले. “बंद करायचं बटण आधी बसवायला हवं होतं. तुला काही झालं असतं म्हणजे?”

“काही झालं नाही ना, बाबा.”

“हो, पण झालं असतं.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी नवी तार घातली आणि बाईंच्या अंगठ्याखाली लाल बटण बसवलं. स्वतः दहा वेळा दाबून पाहिलं, मग त्यांच्याकडून दहा वेळा दाबून घेतलं.

आता बाई सपाटीला पेडल मारतात आणि चढाला इंजिन लावतात. दिवसाला पाच दवाखाने आरामात होतात. संध्याकाळी त्या परतल्या की सासरे दारातच उभे असतात.

“आज कुठे आवाज आला?” परवा त्यांनी विचारलं.

“नाही, कुठेच नाही. लोण्यासारखं चाललं.”

सासऱ्यांचा चेहरा पडला. “नीट ऐकलंस ना?”

बाईंनी क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं. “तसं पुलाजवळ जरा खुडखुडल्यासारखं वाटलं,” त्या म्हणाल्या.

“बघ! तरी मी म्हणतच होतो!” सासरे म्हणाले आणि बाह्या वर सारत पाना आणायला आत गेले.